आंबट लागलं नाही

दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काम केलेल्या बाईचे स्वतःचे दात कसे असतील, यावर पैज लावली तर भलेभले हरतील. आमच्या मावशींच्या पुढच्या दोन दातांमध्ये अशी फट होती, की लहानपणी त्या तिच्यातून शिट्टी वाजवायच्या आणि गल्लीतली कुत्री गोळा व्हायची. फटीच्या डावीकडचा दात उजवीकडच्याशी अबोला धरल्यासारखा जरा तिरका वळलेला. पुढचे बाकीचे चार आपापल्या मर्जीने उभे.

त्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, त्या सात वर्षांच्या असताना त्यांचं नाव ठेवलं 'खिडकी'. ते नाव साठीला आलेल्या दादाच्या तोंडातून अजून गेलेलं नाही. घरात चार माणसं जमली, मावशी जरा हसल्या, की हा हातातला कप खाली ठेवून म्हणणार, "खिडके, लाव गं ती, वारा येतोय." सगळे हसायचे. मावशीही हसायच्या, पण हात तोंडावर ठेवून. चार भावंडांचे चाळीस वर्षांचे फोटो काढून बघा. तिघं हसतायत आणि चौथी खोकतेय असं वाटतं.

दवाखान्यात मात्र त्यांची चांगली सोय होती. तिथे मास्क. जगाने मास्क लावला तो आजाराच्या भीतीने, मावशींनी त्याच्या कितीतरी आधीपासून लावला तो खिडकीवर पडदा म्हणून. डबा खातानाही भिंतीकडे तोंड करून बसायच्या. खालचा भाजीवाला बारा वर्षांचा जुना पेशंट, पण एकदा बाजारात मावशी बिनामास्कच्या समोर आल्या तर त्याने ओळखच दिली नाही. "अहो, मी दवाखान्यातली!" म्हटल्यावर म्हणाला, "डोळे तेच आहेत, पण खाली काहीतरी वेगळं आहे."

दवाखाना पहिल्या मजल्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर. खाली डोळे, वर दात, म्हणजे एकाच जिन्यात माणूस अर्धा दुरुस्त. दोन खोल्या. बाहेर चार खुर्च्या आणि फुगलेली मासिकं, आत ती मोठी खुर्ची, तिच्यावरचा दिवा, आणि घोरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा आवाज करणारी थुंकी ओढायची नळी. हे सगळं उभं केलं मोठ्या डॉक्टरांनी. मावशींना कामाला ठेवलं तेव्हा त्यांना चिमटा कुठला नि आरसा कुठला हे कळत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी पाढ्यासारखं पाठ करून घेतलं. दाताला दाताच्या रंगाचं कंपोझिट लावायचं असेल तर, "निळं, पाणी, वारा, बाँड, लाईट. म्हणा."

"निळं, पाणी, वारा, बाँड, लाईट."

निळं म्हणजे सिरिंजमधलं निळं जेल. आहे ते ॲसिड, पण बिचारं सौम्य. दात मुळात काचेसारखा गुळगुळीत. त्याच्यावर काही टिकायचं नाही. जेलने तो जरा खरखरीत होतो, मग पाण्याने धुवायचा, वाऱ्याने सुकवायचा, बाँडचा, म्हणजे चिकटवणाऱ्या द्रवाचा, थेंब फिरवायचा आणि वर कंपोझिट बसवून निळ्या उजेडाखाली वीस सेकंद धरायचं, की दगड. मोठे डॉक्टर म्हणायचे, "निळं विसरलात तर सगळं विसरलात. नुसतं ठेवलेलं आणि बसवलेलं दिसायला सारखंच असतं हो. फरक चार दिवसांनी कळतो."

त्या जेलची एक खूण आहे. धुताना कितीही सांभाळलं तरी थेंबभर जिभेवर येतंच, आणि आंबट लागतं. पेशंट दचकतो. म्हणून मावशी आधीच वाकून सांगायच्या, "थोडं आंबट लागेल हं, घाबरू नका." बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी किती तोंडांना सांगितलं असेल याचा हिशेब देवाकडेही नसेल.

मोठ्या डॉक्टरांचे गुडघे गेले आणि खुर्चीशी त्यांची मुलगी आली. आता ही मुलगी म्हणजे कोण? रिसेप्शनच्या टेबलाखाली बसून गृहपाठ केलेली. पहिला दुधाचा दात हलायला लागला तेव्हा सख्ख्या बापाचा हात बघून किंचाळली, आणि मावशींच्या मांडीवर बसून, मावशींच्या हाताने, दोऱ्याने काढून घेतला. तो दात कापसात गुंडाळून मावशींनी कितीतरी वर्षं औषधांच्या कपाटात ठेवला होता. शिकून डॉक्टर होऊन आली तेव्हा मावशींनी पेढे वाटल्यासारखा आनंद वाटला. पेशंटसमोर 'मॅडम', दार लागलं की 'बाळा'. डॉक्टरीणही पेशंटसमोर 'सिस्टर', आणि दार लागलं की 'मावशी, भूक लागली'.

बाळाने नवीन धंदा काढला तो हसण्याचा. पुढच्या सहा दातांवर कंपोझिटचा पातळ थर चढवायचा, फट बुजवायची, तिरका दात सरळ दाखवायचा, रंग उजळ करायचा. दात घासून बारीक करायचा नाही, दोन-दोन आठवडे थांबायचं नाही. सकाळी वाकडे या, दुपारी सरळ जा. लग्न ठरलेल्या मुली यायच्या, मुलाखतीला जाणारे तरुण यायचे, एकदा एक पंचाहत्तरीचे गृहस्थ आले, म्हणाले, "घटस्फोट झालाय, आता हसावंसं वाटतंय." मावशी खिडकीशी उभ्या राहून उजेडात रंगाची पट्टी दातांशी धरायच्या. त्या बाबतीत त्यांचा डोळा म्हणजे डोळा. डॉक्टरिणीने निवडलेला रंग त्या मान हलवून परत करायच्या आणि त्यांचाच बरोबर निघायचा.

दुसऱ्यांच्या शेकडो खिडक्या बंद केल्या, पण आपली करून दे म्हणून कधी बोलल्या नाहीत. मागितलं असतं तर मिळालं असतं. पण मागायचं म्हणजे मास्क काढून तोंड उघडायचं, आणि तेही जिला आपण दुधाच्या दातापासून ओळखतो तिच्यापुढे. काही माणसं सगळ्या जगाला वाढतात आणि स्वतः पातेलं पुसून खातात.

मग तो गुरुवार आला. शनिवारी दादाच्या मुलाच्या लग्नाची पार्टी होती. भाऊबहिणी सगळी जमणार, फोटो होणार, आणि दादा बोलणार. दहाच्या ठोक्याला डॉक्टरिणीने आत बोलावलं. आत भाड्याने आणलेला मोठा कॅमेरा तिवईवर उभा.

"मावशी, मास्क काढा. बसा खुर्चीत."

"मी? कशाला गं बाळा?"

"बसा तर. शनिवारी दादामामांना दाखवायचंय ना? आज खिडकी बंद."

मावशींना दातखीळच बसली. मग डोळे भरले. मग म्हणाल्या, "पण आज अकराला पेशंट आहे, सहा दातांचा."

"त्याचं रद्द झालंय. आज तुम्हीच माझ्या पेशंट. डोळे मिटा आणि पडून राहा. हाताखाली कोणी नको, मी एकटीच करते."

आधीचे फोटो काढले. ओठ ताणणारं प्लॅस्टिक तोंडात, फट चव्हाट्यावर. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण म्हटलं, पोरीसाठी नाही तर कोणासाठी? निळ्या उजेडापासून डोळे जपणारा नारिंगी चष्मा लावला, डोळे मिटले. ज्या बाईने बावीस वर्षं प्रत्येक पायरीला हातात वस्तू दिली, ती बाई आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीत पडली आणि मोजायचंच विसरली. डोळ्यांपुढे शनिवारचा फोटो. मध्ये कधीतरी लाईटचा बीप ऐकू आला, तेवढाच. पाऊण तासात काम झालं. मावशींच्या मनात आलं, एवढ्या लवकर? सहाला तीन तास लागतात. मग मनानेच उत्तर दिलं, आपलीच पोर, हात बसलाय आता.

आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. आंबट लागलं नाही. थेंबभरसुद्धा नाही. अगं बाई, मावशी मनात म्हणाल्या, किती हलका हात! बापालाही जमलं नाही ते हिला जमलं.

आरसा दिला तेव्हा त्या आधी आरशाच्या मागे बघून आल्या, दुसरी कोणी बसलीय की काय म्हणून. मग रडल्या. डॉक्टरिणीचा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. डॉक्टरीण काहीतरी बोलायला गेली, थांबली, मग कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, जरा जपा हं. कडक काही चावू नका. सोमवारी बघू पुन्हा."

घरी मावशींचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करण्यात हयात गेलेली, बोलणं मोजकं. त्यांनी चष्मा लावून तोंडात डोकावून बघितलं.

"छान आहे. जुन्यांची ओळख होती, आता नव्याने करावी लागेल."

"आणि काय सांगू तुम्हाला, आंबटसुद्धा लागलं नाही!"

"म्हणजे?"

मावशींनी निळ्याचं सगळं सांगितलं. यजमान म्हणाले, "मी जुन्या लिफ्टचं काम केलं आणि ग्रीसचा वास आला नाही, तर माणसं चढवत नाही. काहीतरी राहिलेलं असतं."

"तुमची लिफ्ट आणि माझे दात! सगळीकडे मेलं ग्रीसच दिसतं तुम्हाला."

यजमानांनी चष्मा डबीत ठेवला. संसार टिकतो तो असाच.

दोन दिवस मावशींनी ते दात नवसाच्या पोरासारखे सांभाळले. डाग पडू नये म्हणून चहा नळीने प्यायल्या. पोळी मऊ करून बाजूच्या दाताने. शेजारणीला तीनदा साखर मागायला गेल्या, घरात डबाभर साखर असताना.

शनिवारी हॉलमध्ये पाय ठेवला आणि दादाने बघितलं. बघतच राहिला. "ही कोण बाई? आमची खिडकी कुठेय?"

"आहे ना समोर," मावशी हात खाली ठेवून हसल्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा हात खाली.

दादाचा चेहरा पडला असं बघणारे सांगतात. पन्नास वर्षांचा विनोद एका दिवसात जप्त झाला, माणूस काय करणार? पण फोटो काढला. चौघं भावंडं रांगेत, चौघंही हसताहेत. फोटोवाला म्हणाला, "वा, कडेच्या मॅडम, क्या बात है." मावशींना जमिनीपासून हातभर वर उचलल्यासारखं वाटलं.

मग जेवायला बसले. मावशींनी सूप घेतलं, त्यात पाव बुडवून मऊ केला, सगळं नियमाने. दादा समोर बसून जुन्या गोष्टी सांगायला लागला. शाळेत मास्तरांनी मावशींना उभं करून 'शिट्टी कोणी वाजवली' विचारलं आणि मावशींनी 'मी नाही' म्हणताना पुन्हा वाजली, ती गोष्ट. सगळे लोळायला लागले. मावशीही तोंड उघडून, डोकं मागे टाकून हसल्या. आणि तोंडातून काहीतरी निसटून सूपमध्ये पडलं. टुप.

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग दादाने वाकून बघितलं, आणि जप्त झालेला विनोद व्याजासकट परत मिळाला. "खिडके, काच पडली गं तुझी!"

सगळं टेबल हसलं. हसणारच, कोण नाही हसणार? सांगणाऱ्यालासुद्धा अजून हसू येतं, आणि मग लाज वाटते.

मावशींनी चमच्याने ते पांढरं टरफल सूपमधून काढलं, रुमालात घेतलं, "आलेच" म्हणाल्या आणि हात धुवायच्या जागी गेल्या. नळाखाली धुतलं. उलटं केलं. दिव्याखाली धरलं.

आतली बाजू गुळगुळीत होती. नखासारखी चकचकीत. दाताचा आकार जसाच्या तसा उमटलेला, एक ओरखडा नाही.

दुसऱ्या कोणाला त्यात काही दिसलं नसतं. मावशींना सगळं दिसलं. बसवलेलं कंपोझिट कधी असं अख्खं निघत नाही. त्याचा कोपरा तुटतो, टवका उडतो, काही भाग दाताला धरूनच राहतो. अख्खं टरफल निघतं ते नुसत्या ठेवलेल्याचं. पेशंटला आधी नुसता नमुना दाखवायचा असतो ना, असं दिसेल, तसं दिसेल, आवडलं तर मग खरं करू, तेव्हा निळं न लावता नुसतंच बसवतात. फोटो काढून झाला की टोकदार सळईने टक करून काढतात. ती सळई आजवर मावशींनीच पुढे केली होती.

निळं लावलंच नव्हतं. आंबट लागेल कसं?

आरशात बघितलं. पाच सरळ दात आणि मध्ये आपला जुना, तिरका, ओळखीचा. हात आपोआप तोंडावर गेला.

रविवारी दादाचा फोन आला. रात्रभर त्याला झोप लागली नव्हती म्हणे. आवाज खाली. "खिडके... अगं, मी उगाच बोललो. कोणी फसवलं का तुला? नाव सांग, मी येतो त्या दवाखान्यात."

"नाही रे दादा. मीच कडक पाव चावला. तिने सांगितलं होतं जपायला."

यजमान बाजूलाच बसले होते. त्यांनी ऐकलं आणि वर्तमानपत्र जरा वर धरलं. फोन ठेवल्यावर मावशी म्हणाल्या, "विसरली असेल हो ती. माणूस आहे. घाईत विसरतो माणूस." यजमान म्हणाले, "हं." तो 'हं' मावशींना दिवसभर टोचला. विसरणं म्हणजे एका दाताचं विसरणं. सहाच्या सहा दातांचं कोण विसरतं?

सोमवारी नेहमीप्रमाणे पहिल्या त्याच आल्या. मास्क लावूनच जिना चढल्या. कुलूप उघडलं, दिवे लावले, आणि बाहेरच्या खोलीत, त्या चार खुर्च्यांच्या समोर, नवीन फ्रेम दिसली. शनिवारी त्या सुट्टीवर असताना लागलेली. डावीकडे ओठ ताणलेलं तोंड, फट, तिरका दात, टेबलाएवढं मोठं करून. उजवीकडे सहा सरळ दात. खाली लिहिलेलं, 'एका भेटीत नवं हसू'. शेजारी डॉक्टरिणीच्या कसल्याशा कोर्सचं प्रमाणपत्र, त्यावर तारीख शनिवारचीच.

मावशी आत जाऊन खुर्चीत बसल्या. स्वतःच्या नाही, पेशंटच्या.

डॉक्टरीण पर्स ठेवत आत आली. "अय्या, मावशी! कशी झाली पार्टी?"

"बाळा, निळं लावलं होतंस?"

पर्स टेबलाच्या कडेवर राहिली, मग खाली पडली. डॉक्टरिणीने ती उचलली नाही.

"मावशी, मी सांगणार होते."

"कधी?"

"शुक्रवारी कोर्सला फोटो पाठवायची शेवटची तारीख होती. त्या पेशंटने आयत्या वेळी रद्द केलं. कॅमेरा एकाच दिवसाचा, दुपारी दुसरे पेशंट, आणि तुम्ही खुर्चीत म्हणजे हाताखाली कोणी नाही, खरं करायला वेळच नव्हता. म्हटलं, नमुना लावू, फोटो काढू, लगेच काढून टाकू आणि तुम्हाला सांगू. पण तुम्ही आरसा बघून रडायला लागलात. माझा हात कपाळाला लावलात. मग कसं सांगू?"

"म्हणजे चूक माझ्या रडण्याची."

"तसं नाही हो मावशी! मला वाटलं सोमवारपर्यंत टिकेल. सोमवारी मी नीट करणारच होते. आत्ता करते. दहाचा पेशंट थांबवते. सगळं, निळं, पाणी..."

"वारा, बाँड, लाईट," मावशींनी पुरं केलं. "मला पाठ आहे."

त्यांनी मास्क काढला. ट्रेमधली सळई उचलली, दुसऱ्या हातात आरसा धरला. टक. टक. पाचही टरफलं एकेक करून निघाली. एकानेही जोर करायला लावला नाही. ती त्यांनी स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली, आणि रुमाल सोडून सहावं त्यांच्या शेजारी.

"तू मला विचारलं असतंस ना," मावशी म्हणाल्या, "की मावशी, अडचण आहे, खोटे दात लावून फोटो काढू दे, तर मी म्हटलं असतं, घे बाई, हवे तितके काढ. अगं, माझं तोंड तुझंच होतं. पण तू मला पेशंटसुद्धा समजली नाहीस. पेशंटला तरी नमुना आहे म्हणून सांगतात."

डॉक्टरीण रडायला लागली. दुधाच्या दाताच्या वेळी रडली होती तशीच, नाक लाल करून. तेव्हा मावशींनी पदराने नाक पुसलं होतं. या वेळी त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला, जो सगळ्यांना सरकवतात.

दहाचा पेशंट आला. पंचविशीची मुलगी, सहा दातांचंच काम. मावशींनी ट्रे लावला, तिच्या गळ्यात बिबचा रुमाल बांधला. मास्क हनुवटीखालीच. डॉक्टरिणीने मास्ककडे बघितलं आणि हातमोजे चढवले. मुलगी बाहेर फ्रेम बघून आली होती. तिने मावशींच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा दाराकडे बघितलं, पुन्हा तोंडाकडे.

"बाहेर फोटोत... त्या तुम्हीच का?"

"मीच," मावशी म्हणाल्या, आणि खिडकी सताड उघडून हसल्या. "डावीकडची." मग वाकून, नेहमीच्या आवाजात, "थोडं आंबट लागेल हं. लागलं नाही तर मला सांगा."

निळी सिरिंज त्यांनी डॉक्टरिणीच्या हातात दिली. मिनिटभराने मुलीने तोंड वाकडं केलं आणि बोट वर केलं.

"लागलं? शाब्बास."

दुपारी दवाखाना मोकळा झाला तोवर फ्रेम भिंतीवरून उतरली होती. कोणी उतरवली ते मावशींनी विचारलं नाही, आणि उतरवणारीनेही सांगितलं नाही. भिंतीवर खिळा तेवढा राहिला. त्या मास्क न लावताच वावरत होत्या, आणि सांगणारे सांगतात, त्या दिवसानंतर तो पुन्हा आपल्या दातांसाठी लावला नाही. लावला तर कामापुरता. भाजीवालाही आता बाजारात लांबून हाक मारतो.

डॉक्टरिणीने दार लावलं. दोघींच्या डब्यांसाठी टेबल पुसलं, जे इतकी वर्षं मावशी पुसायच्या. लहान तोंड करून म्हणाली, "मावशी, भूक लागली. बसू या?"

मावशींनी आपला डबा काढला. भिंतीकडे तोंड न करता, खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या.

"तुम्ही बसा, मॅडम," त्या म्हणाल्या.